कबरीपाशी, समाधीपाशी फुलझाडं लावायची आहेत? विदर्भातल्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे माती देणारी घरं कमी नाहीत. मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, महानुभाव, गोसावी, गोंड-कोरकूंमधली कित्येक घरं. आणि दहन करणाऱ्यांतही तान्हं लेकरू गेलं की त्याला पुरतातच. मृग लागला की माझ्या रोपवाटिकेत यातलं कोणी ना कोणी येतं आणि हळू आवाजात विचारतं, "तिथं लावण्यासारखं काही आहे का?" त्या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. लावायला एक सकाळ पुरते. खरी परीक्षा मे महिन्यात असते, म्हणून पुढचं बरंचसं उत्तर पाणी, माती आणि राखण यांच्याभोवतीच फिरतं.

माती दिल्यावर किती दिवसांनी झाड लावावं?

एक पावसाळा जाऊ द्या. मन ऐकत नाही हे मला माहीत आहे, तरीही सांगते. खड्डा भरताना टाकलेली माती भुसभुशीत असते. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की ती खाली बसते, कबर मधोमध खचते आणि तिथे पाणी साचतं. मग वरून पुन्हा माती किंवा मुरूम टाकून उंचवटा करावा लागतो, आणि त्यात तुम्ही लावलेलं रोप गाडलं जातं. त्यातून आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोपांची मुळं तुटतात. घाईने बसवलेली फरशीसुद्धा याच कारणाने तडकते.

पहिल्या वर्षी काहीतरी हिरवं हवंच असेल तर झेंडूचं किंवा तेरड्याचं बी भुरभुरवा. ही झाडं एका हंगामाची. माती पुन्हा टाकावी लागली तरी फारसं नुकसान होत नाही.

नेमकं कुठे लावायचं? उशाशी, पायथ्याशी की वरच?

कडेने. वर लावायचंच असेल तर वीतभरापेक्षा खोल खणू नका आणि उथळ मुळांचीच झाडं घ्या: पावसाळी लिली, सदाफुली, झेंडू, तेरडा. गुलाब, मोगरा, तगर यांना कबरीच्या रेषेबाहेर हातभर अंतरावर जागा द्या. कुदळीपेक्षा खुरपं बरं. कबरी जवळजवळ असतील तर तुमच्या खड्ड्याने शेजारच्या कबरीची कड ढासळते. तीही कोणाची तरी माणसं आहेत.

कुठली फुलझाडं आपल्याकडे टिकतात?

माझी पहिली पसंती गुलबक्षीला. तिचं बी जूनमध्ये टाकलं की पावसाळाभर रोज संध्याकाळी फुलते. थंडी-उन्हाळ्यात वरचं झाड वाळतं, लोक म्हणतात मेलं. पण खाली कंद जिवंत असतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. वर्षातून एकदाच गावी येणाऱ्या माणसासाठी याहून भलं झाड मला माहीत नाही. पावसाळी लिली त्याच स्वभावाची. तिचे कांदे बोटभर खोल पुरायचे, पहिला चांगला पाऊस झाला की गुलाबी किंवा पांढरी फुलं वर येतात. उन्हाळ्यात तिला पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी कांदा तग धरतो.

सदाफुली बारमाही फुलते, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. ती मूळची मादागास्करची. तिच्यापासून काढलेली औषधं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. ऊन तिला सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. श्रावणात सखल जागी लावलेली सदाफुली बुडापासून काळी पडून बसते. मूठभर वाळू आणि मुरूम घालून मातीचा छोटा वरंबा करा आणि त्यावर लावा.

तगर, कण्हेर आणि कागदी फूल म्हणजे बोगनवेल या तिघांना एकदा मूळ धरलं की फारसं बघावं लागत नाही. पारिजातक सुंदर, पण तो झाड होतो, त्यामुळे कुंपणाशी. मोगरा मार्च ते जून फुलतो, म्हणजे नेमका पाण्याच्या ओढीत. जवळ विहीर किंवा हापसा असेल तरच त्याच्या वाटेला जा.

आईला गुलाब फार आवडायचा. तोच लावायचा आहे.

मग लावाच, पण गावठी गुलाबी गुलाब घ्या. कलमी गुलाबाला दर आठवड्याला माणूस लागतो, त्याचा खालचा रानटी फुटवा काढत राहावा लागतो, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दोन दिवस पाणी चुकलं की फांद्या वरून वाळत येतात. गावठी गुलाबाची काडी पावसाळ्याच्या शेवटी लावा, हिवाळ्यात ती मूळ धरते. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) बुटका मांडव घाला. जाडजूड सावली नको, जाळीसारखी विरळ पुरते.

चाफ्याची फांदी लावली तर येते म्हणतात. कशी लावायची?

येते, पण ओली लावली तर कुजते. पांढरा चाफा, म्हणजे देवचाफा, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. आज तो आपल्याकडे देवळाच्या अंगणात, दर्ग्यात आणि ख्रिस्ती दफनभूमीत सारखाच दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिल झाड निष्पर्ण असतं, तेव्हा दीड फुटाची जाड फांदी कापा. कापल्या जागेतून पांढरा चीक गळतो. तो कापडाने टिपून फांदी सावलीत आठ-दहा दिवस आडवी ठेवा, टोक सुकून कडक होईपर्यंत. खड्ड्यात निम्मी वाळू-मुरूम घाला, फांदी वीतभर आत पुरा, एकदाच पाणी द्या आणि पानं फुटेपर्यंत हात आखडता ठेवा. काळ्या मातीत भर पावसाळ्यात लावलेल्या चाफ्याच्या फांद्या बुडाशी पिलपिल्या होतात, म्हणून हा उद्योग उन्हाळ्यातच करायचा. चाफा वाढून पंधरा-वीस फूट होतो, तेव्हा कबरीपासून निदान सात-आठ फूट लांब लावा.

उन्हाळ्यात पाणी कसं पुरवायचं? स्मशानात नळ नाही.

बहुतेक गावांत नसतोच. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रोज कॅन घेऊन जाणं कोणालाच जमत नाही. म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली, मडकं. पाच लिटरचं साधं, न रंगवलेलं मातीचं मडकं रोपापासून वीतभर अंतरावर, कबरीच्या बाहेरच्या अंगाला, गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरून वर परळ झाका. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं, मुळं त्याच्याकडे वळतात, आणि एकदा भरलं की चार-पाच दिवस निभतं. काही घरांत स्मशानात मडकं ठेवायला वडीलधारे नको म्हणतात, कारण अंत्ययात्रेत मडकं फुटतं ते डोळ्यांसमोर असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. दोन लिटरच्या बाटलीला बुडाशी बारीक छिद्र पाडून तीच पुरा.

दुसरी, आच्छादन. सोयाबीनचं कुटार रोपाभोवती चार बोटं जाड पसरा. खोडाला चिकटू देऊ नका, उधळी (वाळवी) लागते. आमच्या आजीच्या समाधीपाशी मे महिन्यात कुटार बाजूला सारलं की खालची माती गार आणि काळीभोर दिसते, आणि हातभर अंतरावरची उघडी जमीन राखाडी होऊन तडकलेली असते.

तिसरी, लावण्याची वेळ. मृगाच्या पहिल्या पावसावर लावू नका, नंतर ओढ पडली की रोपं करपतात. जमीन वीतभर भिजू द्या. जुलैत लावलेल्या रोपाला थंडीपर्यंत मूळ पसरायला चार-पाच महिने मिळतात, आणि त्या जोरावर ते उन्हाळा काढतं. फेब्रुवारीत लावलेलं रोप म्हणजे स्वतःहून अंगावर घेतलेलं रोजचं काम.

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे पाऊस भरपूर, तिथे उलट काळजी. धानपट्ट्यात पाणी साचून मुळं सडतात. तिथे चर काढून पाण्याला वाट द्या.

आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे. काय लावू?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूरकडच्या लोकांना हा प्रश्न आहेच. ते पाणी झाडांना देत राहिलं की पानांच्या कडा जळतात, माती घट्ट होते, वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. तो क्षार असतो. गुलाब, मोगरा, शेवंती यांचा नाद सोडा. कण्हेर, बोगनवेल, कोरफड यांना तेवढं झेपतं. लावताना शेणखतासोबत दोन मुठी जिप्सम मिसळा आणि जमेल तेव्हा पिण्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

लिंगायत आणि गोसावी घरांत समाधीच्या खड्ड्यात मीठ घालतात, तिथेही हेच लक्षात ठेवा. खड्डा उथळ असेल तर मीठ ओलाव्यासोबत वर चढू शकतं. समाधीवर बाहेरून आणलेली चांगली माती फूटभर टाकून त्यात लावा, नाहीतर कडेला.

शेळ्या, रोही (नीलगाय) आणि डुकरं काही ठेवत नाहीत.

पऱ्हाट्यांचं कुंपण शेळीला अडवत नाही. बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या लागतात, आणि त्याही बुडाशी दगडांनी दाबून, नाहीतर वाऱ्याने सरकतात. एकेका रोपाला वेगळं कुंपण करण्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून एक रांग कुंपणात घेतली तर काम हलकं होतं. चाफा आणि कण्हेर यांच्या चिकाला जनावर सहसा तोंड लावत नाही. पण कण्हेर माणसालाही विषारी आहे, पान, फूल, बी, सगळं. जिथे लहान मुलं खेळतात तिथे ती नको. सदाफुलीही पोटात जाऊ नये. डुकरांचा त्रास असेल तर कंदांची झाडं उकरली जातात, म्हणून लिली-गुलबक्षीवर चपटे दगड रचून मधल्या फटीतून कोंब येऊ द्या.

आमच्या धर्मात हे चालतं का?

मी धर्म सांगणारी नाही. लोकांकडून ऐकलं आणि पाहिलं तेवढं सांगते.

मुसलमान घरांत कच्ची, मातीची कबर आणि तिच्यावर सब्जा ही जुनी पद्धत आहे. पैगंबरांनी दोन कबरींवर हिरवी फांदी रोवल्याची हदीस आहे. काही उलेमा तिच्या आधारे रोप लावणं चांगलं मानतात, काही म्हणतात ती गोष्ट पैगंबरांपुरतीच होती. तेव्हा मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारा. गावच्या कब्रस्तानात जागा कमी असते, पुढे तिथेच दुसरी कबर होऊ शकते, म्हणून झाड नको, सब्जाच बरा. सब्जाचं बी जूनमध्ये टाका. एकदा आला की आपलंआपण बी सांडून पुढच्या वर्षी उगवतो, आणि पाऊस पडून गेला की त्याचा वास लांबवर येतो.

ख्रिस्ती दफनभूमीत फुलझाडांना सहसा हरकत नसते, फक्त चर्चच्या कमिटीला सांगून ठेवा. लिंगायतांना बेल हवासा वाटतो. तो मोठा वृक्ष आहे, आवाराच्या भिंतीशी लावा. समाधीपाशी पांढरी तगर शोभते. महानुभाव घरांनी आपल्या महंतांना विचारावं. मेळघाटात कोरकू मृतांच्या नावाने सागाचा कोरीव खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार असतात. त्या जागी स्वतःहून काहीही लावायला जाऊ नका. भूमका (कोरकूंचा पुजारी) आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतील तसं.

कोणाची परवानगी लागते?

गावच्या स्मशान-दफनभूमीची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. दोन-चार फुलझाडांसाठी अर्ज लागत नाही, पण ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंचांच्या कानावर घाला, कारण पावसाळ्यापूर्वी आवार साफ करायला आलेली माणसं ओळखीचं नसलेलं सगळं उपटून टाकतात. रोपाशी चुना मारलेला दगड ठेवा. कुंपण, पाणी, रस्ता यांसाठी ग्रामपंचायतींना जनसुविधा योजनेतून निधी मिळू शकतो; ग्रामसभेत मागणी करा, एकट्याने नाही, चार घरांनी. कब्रस्तानाचं काम कमिटीकडे असेल तर आधी तिथे.

समाधी आमच्या वावरातच आहे. धुऱ्यावर लावू का?

लावा. इथे पाणी आणि राखण दोन्ही घरचं. फक्त दोन गोष्टी बघा. तणनाशक फवारताना वारा समाधीकडे असेल तर थांबा, सदाफुली आणि गुलाब एका फवाऱ्यात जातात. आणि वखर-ट्रॅक्टर फिरवणाऱ्याला दिसेल अशी दगडांची रांग करा. पुढे भावाभावांत वाटणी होईल तेव्हा समाधीपर्यंतची पायवाट कोणाच्या हिश्शात जाते, हे आधीच बोलून घ्या. यावरून भांडणं होतात, आणि झाडाला पाणी द्यायला जाणाऱ्या बहिणीची वाट बंद होते.

आम्ही दहन केलं. रक्षा झाडाच्या मुळाशी टाकली तर चालेल?

चालेल, पण सगळी एका खड्ड्यात नको. रक्षेत क्षार असतो, सरणाच्या लाकडाची राखही मिसळलेली असते, आणि आपली काळी माती आधीच क्षाराकडे झुकलेली. कोवळं रोप त्यात जळतं. दोन-तीन ओंजळी रक्षा चार-पाच घमेली मातीत आणि शेणखतात नीट कालवा, बाकीची वावरात विरळ पसरा.

मोठं झाडच लावायचं आहे, फुलांचं.

कबरीपासून निदान पंधरा फूट लांब. बहावा, पळस, कडुनिंब आपल्या मातीतले आहेत. गोंड घरांत मोहाला मान आहे. तो सावकाश वाढतो, पण मार्च-एप्रिलच्या पहाटे त्याखाली फुलांचा सडा पडतो. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांना ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेल्यावर दहन न करता मातीत ठेवलं, साधनाताईंची जागाही तिथेच आहे. घरातला कोणी दहनाऐवजी मातीची इच्छा बोलून दाखवत असेल, तर त्याला वेड्यात काढू नका.

लेकरू पुरलं होतं. आता जागा सापडत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बायका तो एकट्याने येऊन विचारतात. लहान लेकराला नाल्याच्या काठी किंवा स्मशानाच्या कडेला पुरायचे, वर दगड ठेवायचे, खूण ठेवत नसत. आईला तर नेतही नसत. वीस वर्षांनी नाला सरकलेला असतो, बाभळी वाढलेल्या असतात. तेव्हा गेलेल्यांपैकी कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला घेऊन जा, दिशा तरी सांगेल. नसेल तर त्या काठावर जिथे तुमचे पाय थांबतील तिथे लावा. पूर येणारी जागा असेल तर पाण्याच्या रेषेच्या वर. पावसाळी लिलीचे पाच-सहा कांदे एकत्र लावा. ते दरवर्षी वाढून त्यांचा झुबका होतो, आणि पुढच्या वेळी जागा लांबून ओळखता येते. तुमचं लेकरू त्याच मातीत आहे. दोन हात इकडे की तिकडे, याने काही चुकत नाही.

बायकांनी स्मशानात गेलेलं चालतं का?

माझं स्पष्ट मत आहे की चालतं. आता मुली अग्नी देतात, मग आईने खुरपं घेऊन जायला काय हरकत? काही कब्रस्तानांत बायकांनी आत न जाण्याचा रिवाज आहे. तिथे रोप घरी तयार करा, माती कालवून द्या आणि भावाच्या-मुलाच्या हाताने लावून घ्या. घरात विरोध असेल तर पहिल्यांदा कोणा वडीलधाऱ्या बाईला सोबत न्या. एकटीने, तिन्हीसांजेला जाऊ नका, आणि त्याचं कारण भूतखेत नव्हे: भेगाळलेल्या जमिनीत विंचू असतात, दाट झुडपाखाली नाग-घोणस. आधी काठी आपटा, मग हात घाला.

ठरावीक दिवशी फुलं यावीत म्हणून कधी लावायचं?

कॅथलिक घरांना २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, फुलं हवी असतात. झेंडूचं बी जुलैच्या मध्यात टाकून महिन्याने रोपं हलवा, दिवाळीच्या आगेमागे बहर येतो. ईस्टरच्या पहाटे कबरीवर जाणाऱ्यांना मोगरा साथ देतो. शब-ए-बारात, म्हणजे मुसलमान घरांतली गेलेल्यांना आठवण्याची रात्र, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तिच्यासाठी बारमाही सदाफुलीच खरी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरता, त्याच दिवशी समाधीपाशचं मडकंही भरून या.

प्लास्टिकची फुलं ठेवली तर?

एका उन्हाळ्यात विटतात, मग वाऱ्याने नाल्यात जातात आणि गुरांच्या पोटात. नको.

मी पुण्याला असतो. गावातल्या कोणाला पैसे देऊन सांभाळायला सांगू का?

सांगा. त्यात कमीपणा नाही. स्मशानाच्या वाटेवर ज्याचं वावर आहे असा माणूस बघा. तो रोज तिथून जातोच. फेब्रुवारी ते जूनपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी, एवढंच काम ठरवा, पैसे दर महिन्याला द्या, आणि फोनवर फोटो मागत बसू नका. त्याच्या लेकरांसाठी दिवाळीला काही घेऊन जा. लावताना त्याला सोबत घ्या, मडकं कुठे पुरलंय ते दाखवा आणि हे कोणाचं आहे ते नावाने सांगा. जून लागला की त्याला फोन करून कुटार बाजूला करायला सांगा, कारण पावसात ओलं कुटार खोडाशी राहिलं तर खोड सडतं.